जनसंपर्क संस्थेची निवड (संकट व प्रतिष्ठा व्यवस्थापन)

जनसंपर्क संस्थेची निवड ही एखादी कंपनी, रुग्णालय, शिक्षणसंस्था, सहकारी संस्था किंवा शासकीय उपक्रम यांनी संकटकाळात जनतेशी संवाद साधण्यासाठी व आपली प्रतिष्ठा जपण्यासाठी बाहेरील व्यावसायिक सल्लागार नेमण्याची प्रक्रिया होय. अपघात, सदोष उत्पादन, आर्थिक गैरव्यवहाराचा आरोप, संप, न्यायालयीन कारवाई, समाजमाध्यमांवरील बदनामी अशा प्रसंगी या सल्लागारांची गरज भासते. भारतातील बहुतेक मोठ्या जनसंपर्क संस्थांची मुख्य कार्यालये मुंबई व दिल्ली परिसरात आहेत.

व्याप्ती

संकट व्यवस्थापन आणि प्रतिष्ठा व्यवस्थापन या संज्ञा अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जात असल्या, तरी त्यांत भेद आहे. संकट व्यवस्थापन हे काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंतचे तातडीचे काम असते. प्रतिष्ठा व्यवस्थापन दीर्घकालीन असून ग्राहक, कर्मचारी, भागधारक, शेजारी वस्ती व शासन यांचा संस्थेवरील विश्वास टिकवणे हा त्याचा हेतू असतो. जाहिरातीत संस्था जागा वा वेळ विकत घेते व मजकूर स्वतः ठरवते. जनसंपर्कात मजकुराचा अंतिम निर्णय संपादकाकडे असतो. त्यामुळे ‘अमुक इतक्या बातम्या छापून आणू’ अशी हमी कोणतीही प्रामाणिक संस्था देऊ शकत नाही.

पार्श्वभूमी

आधुनिक जनसंपर्काचा आरंभ सामान्यतः अमेरिकेतील आयव्ही ली यांच्यापासून मानला जातो. त्यांनी 1906 मध्ये वृत्तपत्रांना खरी माहिती तत्परतेने पुरवण्याची तत्त्वे जाहीर केली. 1982 मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या औषधाच्या कुपीत कोणीतरी विष मिसळल्याने सात जणांचा मृत्यू झाला. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या व छेडछाड ओळखू येईल असे वेष्टन आणले. या कामी बर्सन-मार्स्टेलर ही संस्था कंपनीची सल्लागार होती. दोन वर्षांनी, डिसेंबर 1984 मधील भोपाळ वायुदुर्घटनेनंतर, याच संस्थेने युनियन कार्बाइडलाही सल्ला दिला. परंतु त्या कंपनीची प्रतिष्ठा पुन्हा उभी राहिली नाही. संवादाचे यश सल्लागाराच्या नावलौकिकापेक्षा मूळ कृतीवर अधिक अवलंबून असते, हे या दोन घटनांच्या तुलनेतून दिसते.

भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संघटना 1958 मध्ये स्थापन झाली. तिने 1968 मध्ये आचारसंहिता स्वीकारली. 21 एप्रिल हा दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. 1991 च्या आर्थिक उदारीकरणानंतर खासगी जनसंपर्क संस्थांची संख्या वाढली. 2001 मध्ये पब्लिक रिलेशन्स कन्सल्टंट्स असोसिएशन ऑफ इंडिया ही सल्लागार संस्थांची संघटना स्थापन झाली.

महाराष्ट्रातील उदाहरणे

कॅडबरी (2003) : ऑक्टोबर 2003 मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मुंबईतील काही दुकानांतील डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्याचे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले. पुणे येथील कारखान्यात तयार झालेला साठा जप्त करण्यात आला. दोष दुकानांतील साठवणुकीचा आहे, असे कंपनीचे प्रारंभीचे म्हणणे होते. वेष्टन हवाबंद नसेल तर तोही उत्पादकाचाच दोष ठरतो, अशी प्रशासनाची भूमिका होती. सणाच्या काळात वाढणारी विक्री त्या वर्षी सुमारे 30 टक्क्यांनी घटली. त्यानंतर कंपनीने ‘विश्वास’ या नावाने सुमारे 1 लाख 90 हजार विक्रेत्यांना साठवणुकीचे मार्गदर्शन देण्याचा उपक्रम हाती घेतला आणि जानेवारी 2004 मध्ये उष्णतेने बंद केलेले नवे वेष्टन आणले. वेष्टनाचा खर्च वाढूनही किंमत वाढवली नाही. अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती त्यानंतर आल्या. 2004 मध्ये विक्री पूर्ववत झाली. यातील क्रम लक्षणीय आहे : आधी दुरुस्ती आणि मग प्रसिद्धी.

मॅगी (2015) : शिशाचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक असल्याच्या कारणावरून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 5 जून 2015 रोजी मॅगी नूडल्सच्या विक्रीवर बंदी घातली. उत्पादन सुरक्षित असल्याचे नेस्ले कंपनी सांगत होती. पण आरंभीचे मौन व तांत्रिक भाषा यांमुळे तिच्यावर टीका झाली. बंदीच्या सुमारास कंपनीने एपीसीओ वर्ल्डवाइड या संस्थेस सल्लागार नेमले. 13 ऑगस्ट 2015 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द करून तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणीचा आदेश दिला. निष्कर्ष अनुकूल आल्यावर नोव्हेंबर 2015 मध्ये उत्पादन बाजारात परतले. संकट सुरू झाल्यानंतर सल्लागार शोधण्यात किती वेळ हातचा जातो, याचे हे उदाहरण मानले जाते.

टाटा समूह (2001–2011) : मुंबईस्थित टाटा समूहाच्या जनसंपर्काचे काम 2001 पासून वैष्णवी कॉर्पोरेट कम्युनिकेशन्स या संस्थेकडे होते. 2010 मध्ये या संस्थेच्या प्रमुख नीरा राडिया यांची ध्वनिमुद्रित दूरध्वनी संभाषणे नियतकालिकांतून प्रसिद्ध झाली. रतन टाटा यांनी खासगीपणाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 2011 मध्ये संस्थेने सल्लागाराचा व्यवसाय थांबवला आणि समूहाने नवे सल्लागार नेमले. संभाषणांत गुन्हा आढळला नसल्याचे केंद्रीय अन्वेषण विभागाने 2022 मध्ये न्यायालयास सांगितले. तथापि सल्लागार स्वतःच वादाचा विषय झाल्यास त्याची झळ ग्राहकास बसते, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

निवडीचे निकष

निवड करताना पुढील बाबी पाहिल्या जातात.

अनुभव : संस्थेने त्याच स्वरूपाचे संकट हाताळले आहे काय. अन्नभेसळीचा आरोप, कारखान्यातील अपघात आणि बँकेवरील निर्बंध यांत वेगवेगळे ज्ञान लागते.

प्रत्यक्ष काम करणारी माणसे : सादरीकरणास ज्येष्ठ अधिकारी येतात आणि दैनंदिन काम नवख्यांकडे जाते, ही नेहमीची तक्रार आहे. म्हणून जबाबदार व्यक्तींची नावे करारात नमूद केली जातात.

हितसंबंधांचा संघर्ष : संस्था प्रतिस्पर्ध्यासाठी वा तक्रारदार पक्षासाठी काम करते काय, याची लेखी माहिती मागितली जाते.

भाषा व पोहोच : इंग्रजीतील निवेदनाचे शब्दशः मराठी भाषांतर वाचकाला परके वाटते. मराठीत मूळ मसुदा लिहिणारी व जिल्हा आवृत्त्यांच्या वार्ताहरांना ओळखणारी व्यक्ती संस्थेकडे असावी.

उपलब्धता : रात्री वा सुट्टीच्या दिवशी कोणाशी संपर्क साधायचा, हे आधी ठरलेले असावे.

स्पष्टवक्तेपणा : व्यवस्थापनाला अप्रिय सत्य सांगण्याची सल्लागाराची तयारी. हा निकष कागदावर मोजता येत नाही. पूर्वीच्या ग्राहकांकडे चौकशी करूनच तो कळतो.

प्रक्रिया

प्रथम संस्थेने स्वतःच्या जोखमींची यादी करून अपेक्षित कामाचे लेखी टिपण तयार करावे, असे मानले जाते. त्यानंतर तीन ते पाच संस्थांकडून प्रस्ताव मागवले जातात. त्यांना एखादे काल्पनिक संकट देऊन पहिल्या 24 तासांत काय कराल, असे विचारण्याची पद्धत उपयुक्त ठरते. गोपनीयतेचा करार सविस्तर माहिती देण्यापूर्वी केला जातो. अंतिम करारात कामाची व्याप्ती, निवेदनास मंजुरी देणारी व्यक्ती, शुल्क, मुदत व करार संपवण्याच्या अटी असतात. प्रवक्ता मात्र शक्यतो संस्थेचाच जबाबदार अधिकारी असावा. सल्लागाराने त्याची तयारी करून घ्यावी, त्याच्या जागी बोलू नये.

शुल्क बहुधा दरमहा ठरावीक किंवा प्रकरणानुसार असते. प्रसिद्ध झालेल्या बातमीच्या जागेची जाहिरातीच्या दराने किंमत काढून काम मोजण्याची जुनी पद्धत 2010 च्या बार्सिलोना तत्त्वांनी अमान्य केली. चुकीच्या माहितीची दुरुस्ती किती लवकर झाली, तक्रारी किती निवारल्या गेल्या, ग्राहक परतले काय, हे अधिक विश्वसनीय मापदंड समजले जातात.

कायदेशीर बाबी

सूचीबद्ध कंपन्यांना सेबीच्या 2015 च्या नियमांनुसार महत्त्वाच्या घटना ठरावीक मुदतीत शेअर बाजारास कळवाव्या लागतात. अन्नपदार्थ परत मागवण्याची जबाबदारी अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार संबंधित व्यावसायिकावर आहे. सार्वजनिक प्राधिकरणांना माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 लागू होतो. बदनामीची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. त्यामुळे निवेदन प्रसिद्ध करण्यापूर्वी वकील व जनसंपर्क सल्लागार या दोघांचे मत घेतले जाते. वकिलाचा कल मौनाकडे आणि सल्लागाराचा संवादाकडे असतो. अंतिम निर्णय व्यवस्थापनाने घ्यावयाचा असतो.

जिल्हा व ग्राम पातळी

महाराष्ट्रात शासकीय विभागांसाठी माहिती व जनसंपर्क महासंचालनालय कार्यरत असून जिल्हा पातळीवर जिल्हा माहिती कार्यालये आहेत. भंडारा जिल्ह्यातील पतसंस्था, भातगिरणी, खासगी रुग्णालय वा शाळा यांना महानगरातील संस्थेचे मासिक शुल्क परवडण्यासारखे नसते. अशा वेळी नागपुरातील लहान संस्था किंवा अनुभवी निवृत्त पत्रकार यांचा प्रसंगापुरता सल्ला घेणे व्यवहार्य ठरते. तुमसर तालुक्यातील बपेरा यांसारख्या मध्य प्रदेश सीमेलगतच्या गावांच्या बाबतीत मराठीबरोबर हिंदीतूनही निवेदन द्यावे लागते. गावपातळीवर ग्रामसभा, फलकावरील सूचना आणि ठेवीदार वा पालक यांची प्रत्यक्ष बैठक ही माध्यमे वृत्तपत्रापेक्षा प्रभावी ठरतात. ठेव परत मिळेल काय, या प्रश्नाचे उत्तर ठेवीदाराला संचालकाच्या तोंडून हवे असते, पत्रकातून नव्हे.

टीका व मर्यादा

दोष झाकण्यासाठी जनसंपर्काचा वापर होतो, ही या व्यवसायावरील मुख्य टीका आहे. 2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न देशभर गाजला व भारतीय वृत्तपत्र परिषदेने त्याची चौकशी केली. दक्षिण आफ्रिकेत वांशिक तेढ वाढवणाऱ्या प्रचारमोहिमेमुळे लंडनच्या बेल पॉटिंजर या संस्थेला 2017 मध्ये ब्रिटनमधील व्यावसायिक संघटनेने काढून टाकले व त्यानंतर ती बंद पडली. ऑनलाइन अभिप्रायांतील खोटेपणा रोखण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक जाहीर केले. खोटे अभिप्राय लिहून देण्याचे, प्रतिकूल बातमी नाहीशी करण्याचे किंवा पत्रकारांना ‘सांभाळण्याचे’ आश्वासन देणारी संस्था टाळावी, यावर या क्षेत्रातील आचारसंहितांचा रोख आहे. संकटात बाधित झालेल्यांना खरी माहिती वेळेवर मिळणे, ही प्रतिष्ठेच्याही आधीची गरज असते.

हेही पहा

जनसंपर्क
आपत्ती व्यवस्थापन
ग्राहक संरक्षण
माहितीचा अधिकार
पत्रकारिता