बटणाजवळच्या यादीची कुळकथा

बीड जिल्ह्यात संगणकाचा डिप्लोमा करणाऱ्या मुलामुलींना ‘ॲडव्हान्स्ड जावा’ शिकताना एक प्रश्न हमखास अडवतो. बटण एका क्लासमध्ये आणि काम दुसऱ्या क्लासमध्ये असेल, तर क्लिक तिथवर पोहोचवायचा कसा? याचं उत्तर त्यांच्या जन्माआधीच सापडलेलं आहे.

कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९७८-७९ साली नॉर्वेच्या ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलरची, म्हणजे माहिती, तिचं पडद्यावरचं रूप आणि नियंत्रण वेगवेगळं ठेवण्याची कल्पना मांडली. हे वेगळे भाग जोडण्यासाठी तिथल्याच स्मॉलटॉक भाषेत एखादी वस्तू तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांची यादी बाळगायची आणि बदल झाला की सगळ्यांना कळवायची. १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकाने ही युक्ती ‘ऑब्झर्व्हर’ या नावाने नोंदवली.

जावाने मात्र आधी वेगळी वाट धरली. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत क्लिकची वर्दी बटणाकडून पॅनेलकडे, पॅनेलकडून फ्रेमकडे अशी वर चढत जायची. ती पकडायची तर मूळ क्लासचा वारसा घेऊन त्याची मेथड नव्याने लिहावी लागे. मग एकाच मेथडमध्ये ‘हे बटण दाबलं का, ते दाबलं का’ अशी इफ-एल्सची लांबलचक रांग लागे. फेब्रुवारी १९९७ मध्ये जावा १.१ आली आणि हे बदललं. ॲक्शन-लिसनर हा एकाच मेथडचा इंटरफेस पाळणारी कुठल्याही क्लासची वस्तू आता बटणाच्या यादीत नाव नोंदवू शकत होती. ती कोण आहे, हे बटणाला माहीत असण्याची गरजच उरली नाही. २०१४ च्या जावा ८ मध्ये लॅम्डा आले आणि लिसनर लिहिणं एका ओळीवर आलं.

तरी जुनी सवय सुटलेली नाही. आजही फ्रेमच स्वतःची लिसनर होते आणि तीच इफ-एल्सची रांग पुन्हा लागते. दुसरा क्लास केलाच, तर त्यात फ्रेम ‘न्यू’ने पुन्हा बनवली जाते. मजकूर बदलतो तो या नव्या, कधीच न दिसलेल्या फ्रेमवर; पडद्यावरची तशीच राहते आणि विद्यार्थ्याला वाटतं, क्लिकच पोहोचला नाही. खरं तर क्लिक पोहोचलेला असतो, फक्त हाती वस्तू चुकीची असते. पडद्यावर असलेल्या फ्रेमचाच संदर्भ कन्स्ट्रक्टरमधून लिसनरकडे दिला की काम होतं.

म्हणून शिकवणाऱ्यांना विनंती आहे: बटणाच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला दोन क्लास लिहायला लावा.