जर्मनीशी तह : स्वाक्षरी कोणी करावयाची?

मे १९४५ मध्ये जर्मनीने बिनशर्त शरणागती पत्करली. परंतु रूढ अर्थाचा शांतता-तह तिच्याशी कधीच झाला नाही. याचे कारण शीतयुद्ध असे सामान्यतः सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. या अडचणीचे मूळ पॉट्सडॅमच्या योजनेतच होते.

पॉट्सडॅम परिषदेने (जुलै-ऑगस्ट १९४५) परराष्ट्रमंत्र्यांचे मंडळ स्थापन केले आणि या कार्यास योग्य असे जर्मन सरकार अस्तित्वात आल्यावर त्याने स्वीकारावयाच्या तहाची सिद्धता त्याच्याकडे सोपविली. पोलंडच्या पश्चिम सीमेचा अंतिम निर्णयही याच तहावर ठेवला. अर्थात सीमा तहावर, तह सरकारवर आणि सरकार चार सत्तांच्या एकमतावर अवलंबून राहिले. इटली, रुमानिया, बल्गेरिया, हंगेरी व फिनलंड या देशांत सरकारे होती. त्यांच्याशी तह १० फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिस येथे पार पडले.

त्यानंतर महिन्याभराने मॉस्को येथे मार्शल, बेव्हिन, बिदो व मोलोटोव्ह जर्मनीच्या प्रश्नासाठी एकत्र आले. मोलोटोव्ह यांना प्रबळ मध्यवर्ती सरकार हवे होते, तर इतरांना मर्यादित अधिकारांचे संघराज्य. हा वाद केवळ राज्यघटनेचा नव्हता. रशियास दहा अब्ज डॉलरची नुकसानभरपाई, तीही चालू उत्पादनातून, हवी होती. आणि ऱ्हूरचे उत्पादन पूर्वेकडे वळविण्यास मध्यवर्ती सत्ता उपयोगी पडली असती. उलट आपल्या विभागांत स्वखर्चाने धान्य आणणाऱ्या ब्रिटन-अमेरिकेच्या दृष्टीने अशी भरपाई म्हणजे आपल्याच करदात्यांवरील बोजा होता. सरकारचे स्वरूप ठरविणे म्हणजे भरपाईचा निकाल लावणे होय, हे दोन्ही पक्ष जाणून होते. डिसेंबर १९४७ मध्ये लंडनची बैठक पुढील तारीख न ठरविताच संपली.

१९४९ मध्ये एकाऐवजी दोन जर्मन सरकारे उभी राहिली. १० मार्च १९५२ च्या पत्रात स्टालिनने एकसंध, तटस्थ, परंतु स्वतःचे सैन्य बाळगणाऱ्या जर्मनीचा प्रस्ताव मांडला. अखिल जर्मन सरकार मुक्त निवडणुकीतून आधी निर्माण व्हावे, आणि ते तटस्थतेने बांधले जाऊ नये, असे पाश्चात्त्यांनी उत्तर दिले. स्टालिनचा हेतू प्रामाणिक होता काय, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. परंतु वाद पुन्हा त्याच कलमाशी येऊन ठेपला, एवढे निश्चित. दरम्यान ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका व भारत यांनी १९५१ मध्ये, तर रशियाने १९५५ मध्ये युद्धस्थिती संपल्याचे आपापल्या परीने जाहीर केले.

१२ सप्टेंबर १९९० रोजी मॉस्को येथे झालेल्या करारावर चार सत्तांबरोबर दोन्ही जर्मन सरकारांनी स्वाक्षऱ्या केल्या. पूर्व जर्मनीत त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुक्त निवडणूक झाली होती. त्यामुळे स्वाक्षरीच्या अधिकाराचा वाद उरला नव्हता. पोलंडची सीमा कायम झाली. करारास 'शांतता-तह' हे नाव मात्र दिले गेले नाही. पंचेचाळीस वर्षे सीमेविषयी साशंक राहिलेल्या पोलंडला व विभागलेल्या जर्मनांना एका प्रक्रियाविषयक कलमाची किंमत मोजावी लागली. म्हणून तहांचा अभ्यास करताना त्यांतील अटींइतकेच त्यांच्या स्वीकाराच्या पद्धतीकडेही लक्ष देणे अगत्याचे आहे.