दोन किताब आणि एक खटला : सिटी कॉलेजचा १९४९-५० चा हंगाम

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या इतिहासात देशातील दोन्ही प्रमुख स्पर्धा एकाच हंगामात जिंकण्याचा पराक्रम फक्त एका संघाच्या नावावर आहे, आणि तो संघ एखाद्या धनाढ्य खासगी विद्यापीठाचा नसून न्यूयॉर्क शहराच्या तिजोरीतून चालणाऱ्या व विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क न घेणाऱ्या सिटी कॉलेजचा होता. मार्च १९५० मध्ये हे यश मिळाले. त्यानंतर वर्षही उलटण्यापूर्वी त्याच संघातील खेळाडूंना पोलिसांनी अटक केली. ही हकिकत बहुधा आधी उत्कर्ष आणि मग अधःपात अशा दोन अंकांत सांगितली जाते. ती मांडणी सोयीची असली तरी पुरती खरी नाही, कारण ज्या व्यवहारासाठी खटला भरला गेला त्याचा काही भाग विजयाच्या त्या हंगामातच घडलेला होता, आणि संघाला कीर्ती देणारे मैदान व त्याला बुडवणारा बाजार यांचा पत्ता एकच होता.

सिटी कॉलेजची स्थापना टाउनसेंड हॅरिस यांच्या पुढाकाराने १८४७ मध्ये ‘फ्री अकॅडमी’ या नावाने झाली. ज्यांच्या खिशात पैसा नाही पण अंगी बुद्धी आहे अशा मुलांना उच्च शिक्षण मिळावे, हा तिचा उघड हेतू होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक प्रतिष्ठित विद्यापीठांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर अघोषित मर्यादा घातल्यामुळे पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची हुशार मुले मोठ्या संख्येने हार्लेममधील टेकडीवरच्या या महाविद्यालयाकडे वळली. न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर आणि पोलिओची लस शोधणारे जोनास साल्क हे याच संस्थेचे विद्यार्थी. शहरातील दाट वस्तीत क्रिकेट-बेसबॉलसारख्या खेळांना लागणारी मोकळी जागा नव्हती, पण भिंतीला टोपली टांगून थोडक्या जागेत खेळता येणारा बास्केटबॉल तेथे लवकर रुजला. संघाचे प्रशिक्षक नॅट होलमन हे स्वतः अशाच वस्तीतून वर आलेले होते. ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ या नावाजलेल्या व्यावसायिक संघातून खेळत असतानाच ते १९१९ पासून सिटी कॉलेजचे प्रशिक्षकपद सांभाळत होते, आणि लहान चणीच्या मुलांना सतत जागा बदलत, झटपट चेंडू देत-घेत खेळायला शिकवणे ही त्यांची खासियत मानली जाई.

या खेळाचे रूप पालटले ते नेड आयरिश या क्रीडा-प्रवर्तकामुळे. २९ डिसेंबर १९३४ रोजी त्यांनी आठव्या अ‍ॅव्हेन्यूवरील मॅडिसन स्क्वेअर गार्डन या बंदिस्त क्रीडागृहात एकाच तिकिटावर लागोपाठ दोन महाविद्यालयीन सामने भरवले आणि सोळा हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. तोवर महाविद्यालयांच्या कोंदट व्यायामशाळांत शे-पाचशे लोकांपुढे होणारे सामने आता तिकीटविक्रीचा माल झाले. क्रीडागृहाला भाडे, महाविद्यालयाला वाटा, वृत्तपत्रांना मजकूर अशी प्रत्येकाची सोय लागली; मैदानात धावणाऱ्या मुलाच्या वाट्याला मात्र हौशीपणाच्या नियमामुळे अधिकृतपणे काहीच येत नव्हते. पुढे न्यायालयात जे उघड झाले त्याचे मूळ या विषम वाटणीत शोधावे लागते, मुलांच्या चारित्र्यात नंतर.

दुसरे मूळ सट्ट्याच्या एका नव्या पद्धतीत होते. पूर्वी पैज कोण जिंकेल एवढ्यावरच लागत असे, त्यामुळे दोन संघांच्या ताकदीत फार तफावत असली की बाजार थंड पडे. १९४० च्या दशकात ‘गुणफरक’ लावण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यात बुकी सामन्याआधीच सांगतो की अमुक संघ, समजा, सहा गुणांनी सरस आहे. त्या संघावर पैसे लावणाऱ्याला तो सहापेक्षा अधिक गुणांनी जिंकला तरच पैसे मिळतात, आणि विरुद्ध संघावर पैसे लावणारा आपला संघ तीन-चार गुणांनी हरला तरी जिंकतो. या पद्धतीमुळे प्रत्येक सामन्यात चुरस उत्पन्न झाली, पण तिच्या पोटात एक विलक्षण मोह दडलेला होता. खेळाडूला लाच देऊन संघ हरवायला लावण्याची आता गरज उरली नाही. जिंकावे, पण ठरल्यापेक्षा थोडक्यात जिंकावे, एवढेच पुरे होते. एखादा पास अर्धा क्षण उशिरा द्यायचा, बचावात एक पाऊल मागे राहायचे, सोपी फेक कडीवर आपटू द्यायची, आणि दहा गुणांची आघाडी चारांवर आणायची. याला तेथे ‘गुण तासणे’ म्हणत. संघ जिंकला, महाविद्यालयाची लाज राहिली, कोणाचे काय गेले, अशी मनाची समजूत एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला सहज घालता येत असे.

१९४९-५० च्या हंगामात होलमन यांच्या हाती आलेला संघ वयाने कोवळा होता. एड वॉर्नर, एड रोमन, अल रॉथ आणि फ्लॉइड लेन हे चौघे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी होते, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळण्यास तेव्हा मनाई असल्यामुळे त्यांचा हा पहिलाच मोठा हंगाम होता. त्यांच्या जोडीला अखेरच्या वर्षाचा अर्विन डॅम्ब्रॉट होता. वॉर्नर आणि लेन कृष्णवर्णीय, बाकीचे तिघे ज्यू. देशातील अनेक विद्यापीठांत कृष्णवर्णीय खेळाडूला संघाचे दार बंद होते, त्या काळात असे पाच जण एकत्र मैदानात उतरणे ही शहरातील गरीब वस्त्यांना स्वतःची प्रतिमा वाटावी अशी गोष्ट होती. नियमित हंगामात या संघाने सतरा सामने जिंकले व पाच गमावले. ही कामगिरी चांगली असली तरी थक्क करणारी नव्हती.

तेव्हा हंगामाच्या शेवटी दोन स्पर्धा होत. एक बारा संघांची राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा, जी गार्डनमध्येच भरत असे आणि प्रतिष्ठेत निदान न्यूयॉर्कमध्ये तरी वरचढ समजली जाई. दुसरी एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची, जिच्यात त्या काळी केवळ आठ संघ खेळत. निमंत्रित स्पर्धेच्या पहिल्या फेरीत सिटीने गतविजेत्या सॅन फ्रान्सिस्कोला ६५-४६ असे नमवले आणि पुढची गाठ पडली केंटकीशी. केंटकी म्हणजे १९४८ आणि १९४९ या लागोपाठच्या दोन वर्षांचे एनसीएए विजेते. अ‍ॅडॉल्फ रप हे त्यांचे दरारा असलेले प्रशिक्षक, आणि त्यांच्या संघात तोवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. पुढेही सुमारे वीस वर्षे नव्हता. केंटकीचा भर सात फुटी मध्यवर्ती खेळाडू बिल स्पायव्हीवर होता. सिटीच्या वेगापुढे ती उंची निरुपयोगी ठरली. निकाल ८९-५० असा लागला. एकोणचाळीस गुणांचा हा पराभव रप यांच्या दीर्घ कारकिर्दीतील सर्वांत मोठा ठरला, आणि त्या रात्री गार्डनमधील आनंदाला खेळाच्या पलीकडचा अर्थ होता हे मान्य करावेच लागते.

त्यानंतर ड्यूकेनला हरवून १८ मार्च रोजी सिटीने अंतिम सामन्यात देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या ब्रॅडलीवर ६९-६१ अशी मात केली, आणि वॉर्नर स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. एनसीएए स्पर्धेत ओहायो स्टेटविरुद्ध ५६-५५ असा निसटता आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेटविरुद्ध ७८-७३ असा विजय मिळवून २८ मार्चला सिटीचा संघ पुन्हा गार्डनमध्येच, पुन्हा ब्रॅडलीसमोर उभा राहिला. अखेरच्या क्षणी आघाडी एका गुणाची होती. ब्रॅडलीचा जीन मेल्किओरे चेंडू घेऊन टोपलीखाली घुसला. डॅम्ब्रॉटने त्याची फेक अडवून चेंडू ताब्यात घेतला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे धावणाऱ्या नॉर्म मॅगरकडे लांब फेकला. त्याच सामन्यातील टकरीत डोक्याला टाके पडलेल्या मॅगरने तो टोपलीत टाकला. ७१-६८. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात शिकवणे अशक्य झाले.

जानेवारी १९५१ मध्ये मॅनहॅटन कॉलेजच्या ज्यूनियस केलॉग या कृष्णवर्णीय खेळाडूला डीपॉलविरुद्धच्या सामन्यात गुण तासण्यासाठी एक हजार डॉलर देऊ करण्यात आले, आणि त्याने ती गोष्ट आपल्या प्रशिक्षकाला सांगितली. सैन्यात नोकरी करून आलेल्या या तरुणाला पैशाची गरज इतरांपेक्षा कमी नव्हती. जिल्हा सरकारी वकील फ्रँक होगन यांनी तपासाचे धागे ओढत नेले. १७ फेब्रुवारीला फिलाडेल्फियात टेम्पलला हरवून परतलेल्या सिटीच्या वॉर्नर, रोमन आणि रॉथ यांना १८ तारखेला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली. पैसा साल्वातोरे सोलाझ्झो नावाच्या जवाहिऱ्याचा होता आणि मध्यस्थ होता एडी गार्ड, लाँग आयलंड विद्यापीठाचा माजी खेळाडू. काही दिवसांनी लेनने गुन्हा कबूल केला आणि पोलिसांना आपल्या घरी नेऊन खोलीतील फुलझाडाच्या कुंडीत पुरलेले २,८९० डॉलर काढून दिले. लेनला मिळालेल्या तीन हजारांपैकी जवळजवळ सर्व रक्कम तेथे तशीच होती; ती कशावर खर्चावी हेही त्या मुलाला ठरवता आले नव्हते.

मार्चमध्ये डॅम्ब्रॉट, मॅगर आणि त्याच संघातील हर्ब कोहेन यांनाही पकडण्यात आले, आणि १९४९-५० च्या नियमित हंगामातील काही सामन्यांतही गुण तासले गेले होते हे उघड झाले. दोन्ही स्पर्धांतील सामन्यांबाबत मात्र तसे काही सिद्ध झाले नाही. आपल्या मुलांच्या जवळपासही सट्टेबाज फिरकू शकत नाहीत अशी बढाई रप यांनी मारली होती. ऑक्टोबर १९५१ मध्ये केंटकीचे अ‍ॅलेक्स ग्रोझा आणि राल्फ बेअर्ड हे १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचे सुवर्णपदकविजेते पकडले गेले, आणि १९५२-५३ चा पूर्ण हंगाम केंटकीला खेळता आला नाही. ब्रॅडलीचा मेल्किओरेही याच प्रकरणात अडकला. होगन यांच्या हिशेबाप्रमाणे सात महाविद्यालयांतील ३२ खेळाडू आणि ८६ सामने या जाळ्यात होते, त्यामुळे हा दोष एका शहराच्या किंवा एका जमातीच्या माथी मारण्याचा जो प्रयत्न सुरुवातीला झाला तो टिकला नाही.

न्यायमूर्ती सॉल स्ट्राइट यांनी सोलाझ्झोला आठ ते सोळा वर्षांची शिक्षा दिली. बहुतेक खेळाडूंच्या शिक्षा तहकूब झाल्या. वॉर्नरला मात्र सहा महिने आणि लाँग आयलंडच्या शर्मन व्हाइटला एक वर्ष तुरुंगात धाडण्यात आले, आणि हे दोघेही कृष्णवर्णीय होते ही बाब नजरेआड करता येत नाही. सिटी कॉलेजमध्ये काही खेळाडूंना प्रवेश मिळावा म्हणून त्यांच्या शालेय गुणपत्रकांत फेरफार झाल्याचेही चौकशीत निघाले. ज्या संस्थेचा सारा अभिमान गुणवत्तेच्या काटेकोर परीक्षेवर उभा होता तिच्या दृष्टीने हा कलंक लाचेपेक्षाही गडद म्हटला पाहिजे. होलमन यांना १९५२ मध्ये निलंबित करण्यात आले व १९५४ मध्ये निर्दोष ठरवून पुन्हा पदावर घेण्यात आले. गुंतलेल्या खेळाडूंवर राष्ट्रीय व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेने आजन्म बंदी घातली. नेड आयरिश यांच्यावर, गार्डनवर किंवा तिकिटांच्या उत्पन्नात वाटा घेणाऱ्या महाविद्यालयांवर कोणताही खटला झाला नाही.

सिटी कॉलेजने गार्डनमध्ये खेळणे सोडले आणि हळूहळू मोठ्या स्पर्धांतून अंग काढून घेतले. आज तो संघ एनसीएएच्या तृतीय विभागात, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या महाविद्यालयांच्या गटात, खेळतो. एकाच संघाने दोन्ही स्पर्धा खेळण्याची पद्धत पुढे बंद झाल्यामुळे १९५० चा विक्रम आता कोणाला मोडता येणार नाही, आणि दोन्ही किताब सिटी कॉलेजच्या नावावरून काढून घेण्यात आलेले नाहीत. १९७४ मध्ये महाविद्यालयाने मुख्य प्रशिक्षक म्हणून फ्लॉइड लेन यांची नेमणूक केली.