ठासणीची बंदूक आणि दारूचा दाणा

पिकाच्या राखणीला परवान्याची ठासणीची बंदूक अजून कुठं कुठं दिसते. तिच्या काळ्या दारूची गोष्ट खतं हाताळणाऱ्याला लगेच कळेल.

सोरा, गंधक आणि कोळसा, माल तोच. खेळ सगळा दाण्याचा. आधी दारू पिठासारखी असायची. गाडीच्या हिसक्यांनी घटक वेगळे व्हायचे, दमट हवेत गोळे व्हायचे. पंधराव्या शतकात युरोपात ती ओलवून, वाळवून दाणेदार करायला लागले. (आपल्या मिश्रखतांचंही पुढं तेच झालं!) दाण्यांमधल्या फटीतून जाळ पळतो, म्हणून सगळी दारू एकसारखी पेटते.

मग निवड आली. बारीक दाणा झटकन जळतो, जाडा सावकाश. त्यामुळं तोफेला जाडा, पिस्तुलाला बारीक. अमेरिकेत दाणा ‘एफ’वर ओळखतात, एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक. मोठ्या नळीच्या रायफलीला सहसा दोन एफ, लहान नळीला तीन, आणि चकमकीच्या बंदुकीत कानाशी रंजक घालायची ती चार.

खरा घात पुढं झाला. 1884 साली फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू काढली. फौजांना ती सोयीची, पण ठासणीच्या बंदुकीचा काळ. काळ्या दारूच्या मापानं ती भरली तर दाब इतका चढतो की नळीच फुटते. बोटं जातात, डोळा जातो. दिसायला तीही काळपट असू शकते, तेव्हा रंगावर जाऊ नका, डब्यावरचं नाव वाचा.