हेलसिंकी ते टोकियो : अंतर, काळ आणि आकाशाची मालकी

दोन विमानतळांमधील अंतर ही भूमितीची बाब होय. ते तोडण्यास लागणारा काळ मात्र बहुतांशी इतिहास ठरवितो. यंत्रांची प्रगती होत गेली की प्रवासाचा काळ उत्तरोत्तर घटतच जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हेलसिंकी–टोकियो मार्गाचा वृत्तांत तिला छेद देतो.

पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजल्यास ह्या दोन नगरांच्या विमानतळांतील अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. ह्या सरळ वाटेचा बहुतेक भाग रशियाच्या भूमीवरून जातो, आणि प्रश्नाचे मूळ येथेच आहे. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व मान्य केले. त्या परिषदेस सोव्हिएत संघ उपस्थित नव्हता. तथापि ह्या तत्त्वाचा अंमल त्याने कठोरपणे केला. परिणामी पश्चिम युरोपच्या विमानांना सैबेरियाची वाट दीर्घकाळ बंद राहिली.

ह्या अडचणीतून पहिली वाट स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने काढली. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी तिने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून, अलास्कातील अँकरेज येथे थांबून, टोकियोपर्यंत सेवा सुरू केली. दक्षिण आशियावरून सुमारे ५० तासांचा असलेला प्रवास त्यामुळे ३२ तासांवर आला. पुढे १९८३ च्या एप्रिलमध्ये फिनएअरच्या डीसी-१० विमानाने हेलसिंकीहून टोकियोस विनाथांबा सेवा आरंभिली. तिची वाट ध्रुवप्रदेशावरून बेरिंगच्या सामुद्रधुनीकडे व तेथून जपानकडे अशी होती. हेलसिंकी ते ध्रुव ३,३००, ध्रुव ते सामुद्रधुनी २,६५० आणि पुढे टोकियोपर्यंत किमान ४,६५० किलोमीटर, असा स्थूल हिशेब मांडला तरी बेरीज १०,६०० होते. सारांश, सीमा टाळण्याची किंमत किमान २,८०० किलोमीटर होती. प्रवासास सुमारे १३ तास लागत.

सीमा न टाळली गेल्यास काय घडू शकते, हे त्याच वर्षी दिसले. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलकडे निघालेले कोरियन एअर लाइन्सचे विमान मार्ग सोडून सोव्हिएत आकाशात शिरले. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते सखालीनजवळ पाडले; २६९ जीव गेले.

पुढे सैबेरियावरून जाण्याची अनुमती, मोबदला घेऊन, क्रमाक्रमाने मिळत गेली. हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला आणि ह्या भौगोलिक लाभावर फिनएअरने आशियाशी आपला मोठा व्यवहार उभारला. परंतु युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि रशियाने २८ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यास तसेच प्रत्युत्तर दिले. मार्चमध्ये फिनएअरची टोकियो सेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा प्रवास पुनश्च १३ तासांचा झाला होता. एकोणचाळीस वर्षांत विमाने सुधारली, इंजिने काटकसरी झाली. घड्याळ मात्र १९८३ च्या ठिकाणी परतले. चिनी कंपन्यांची विमाने त्याच काळात सैबेरियावरून युरोपास जातच राहिली. तेव्हा अडसर यंत्राचा किंवा हवामानाचा नव्हता, हे उघड आहे.

वाहतुकीच्या इतिहासाचे लेखन बहुधा वेगाच्या चढत्या आलेखाच्या आधारे केले जाते. प्रस्तुत उदाहरण असे सुचविते की, त्या आलेखाशेजारी करारांचा व सीमांचा नकाशाही ठेवावयास हवा. अंतर निसर्गाने दिलेले असले, तरी ते ओलांडण्याची मुभा राष्ट्रे देतात, आणि दिलेली मुभा परतही घेतात.