जुनी मोटार आणि मिस्त्रीची विद्या

इतिहासाचा अभ्यास करणारांस ताम्रपट, बखरी व दप्तरें ह्यांची संवय असते. परंतु गोठ्यांत उभी असलेली जुनी मोटार हेंहि इतिहासाचें एक साधन होऊं शकतें, असें म्हटलें तर पुष्कळांस तो विनोद वाटेल. आम्हांसहि कांहीं वर्षांपूर्वीं तो विनोदच वाटला असता. पण यवतमाळ जिल्ह्यांतील फुलसावंगी येथील आमच्या वडिलोपार्जित घरीं १९६७ सालची एक फियाट मोटार पंधरा वर्षें कडब्याच्या शेजारीं उभी होती. ती भंगारांत द्यावी कीं पुन्हा चालती करावी, असा प्रश्न घरांत निघाला. आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां आपल्या प्रांताच्या यंत्रविद्येचा एक अलिखित अध्याय आम्हांस वाचावयास मिळाला.

ह्या मोटारीची कुळकथा प्रथम सांगितली पाहिजे. सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद ह्यांच्या मनांत आपल्या देशांत मोटारी निर्माण व्हाव्या, ही आकांक्षा फार दिवसांची होती. सर विश्वेश्वरय्या ह्यांनींहि अशा कारखान्याची योजना आंखली होती. परंतु परकीय सरकारला ती रुचली नाहीं. महायुद्धाच्या गरजेमुळें १९४० सालीं बंगळूर येथें विमानांचा कारखाना वालचंदांना काढतां आला; मोटारीच्या कारखान्याची स्थापना व्हावयास मात्र १९४४ साल उजाडावें लागलें. त्यांच्या हातून आधीं विमान व मग मोटार, असा उलटा क्रम घडला! मुंबईस कुर्ला येथील त्यांच्या प्रीमियर कारखान्यांत १९४७ सालीं अमेरिकन मोटारींची जुळणी सुरू झाली. पुढें इटलींतील फियाट कंपनीशीं करार होऊन ‘अकराशें’ ह्या अंकानें ओळखली जाणारी गाडी तेथें तयार होऊं लागली. तिच्यांतील फुगीर पाठीच्या जुन्या गाडीस महाराष्ट्रांतील लोकांनीं ‘डुक्कर फियाट’ असें प्रेमाचें नांव दिलें. १९६४ सालीं तिचें ‘डिलाइट’ हें नवें रूप आलें. आमची गाडी ह्याच पिढींतली. हीच गाडी पुढें ‘प्रेसिडेंट’ व १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली.

आज पैसा असला कीं मोटार मिळते. त्या काळीं तसें नव्हतें. परवाने व आयातबंदी ह्यांच्या त्या दिवसांत नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पहावी लागे. म्हणूनच मिळालेली गाडी दुभत्या जनावरासारखी सांभाळली जाई. सुटा भाग मुंबईहून अथवा नागपुराहून यावयाचा. तो वेळेवर आला नाहीं तर पुसद-उमरखेडकडचा मिस्त्री तो लेथवर घडवी, पत्रा ठोकून काढी, किंवा दुसऱ्याच यंत्राचा भाग बेतून बसवी. कुर्ल्याच्या कारखान्यानें ह्या गाड्यांस जन्म दिला हें खरें. पण त्यांस चाळीस-पन्नास वर्षांचें आयुष्य दिलें तें अशा हातांनीं. कारखानदारांचीं चरित्रें छापलीं जातात. ह्या हातांचें चरित्र सहसा कोणी लिहीत नाहीं.

आमचें काम सुरू झालें तें उंदरांपासून. त्यांनीं आसनांतील काथ्या उपसला होता व तारांवरील वेष्टण कुरतडलें होतें. टाकींतील पेट्रोल आटून डिंकासारखा थर बसला होता, आणि इंजिन तर जागचें हालेना. आम्हां पुस्तकी माणसांस वाटलें, नवी बॅटरी जोडावी आणि किल्ली फिरवावी. ज्यांस आम्हीं बोलावून आणलें होतें त्या वृद्ध मिस्त्रींनीं आमचा हात धरला. चारी प्लग काढून त्यांनीं आंत थोडें थोडें तेल सोडलें आणि चार दिवस तें तसेंच मुरूं दिलें. मग गाडी चवथ्या गियरमध्यें घालून त्यांनीं आम्हां तिघांकडून ती हलकेंच पुढें-मागें रेटविली. कारण वरच्या गियरमध्यें चाकांकडून इंजिन फिरविणें सोपें जातें. पांचव्या दिवशीं पिस्टन सुटले. आमच्या मताप्रमाणें केलें असतें तर पिस्टनच्या रिंगा मोडून आंतील भिंतींस ओरखडे पडले असते.

आतां इंजिन सुरू होणार, ह्या आनंदांत आम्ही होतों. परंतु मिस्त्री इंजिन सोडून चाकांकडे वळले, आणि सबंध आठवडा त्यांनीं ब्रेकांत घालविला. रबराच्या वाट्या बदलल्या, तेलाच्या गंजलेल्या नळ्या काढून टाकल्या, हातब्रेकची तार नवी घातली. आम्हीं अधीरपणानें विचारलें, “मिस्त्री, इंजिन केव्हां सुरू करणार तुम्ही?” ते शांतपणें म्हणाले, “सर, आधी थांबाचं पाहा, मंग चालाचं.” हें वाक्य आम्हीं कोणत्याहि यंत्रशास्त्राच्या पुस्तकांतून पाठ केलें नव्हतें, तें त्यांना त्यांच्या उस्तादांकडून मिळालें होतें. मागाहून त्यांनीं कार्बोरेटर उकलून धुतला, पॉइंटांमधील फट नीट केली, आणि हल्लींच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलानें जुनें रबर लवकर खराब होतें म्हणून पेट्रोलच्या नळ्याहि बदलल्या.

गियरच्या दांड्यापाशीं एक पितळी बुश निघाला. कारखान्याच्या घडणीचा तो नव्हता. मिस्त्रींनीं तो बोटांत फिरवून पाहिला व म्हटलें, “हे उस्तादाच्या हातचं काम हाय.” जुन्या मोटारींच्या शुद्धतेचे भोक्ते म्हणतील, तो काढून अस्सल भाग मिळवावा. आम्हीं पुष्कळ विचार केला. हस्तलिखिताच्या समासांत दुसऱ्या कोणीं टीप लिहिली असली तर ती आम्ही खोडून टाकतों काय? उलट तीच पुष्कळदां मूळ ग्रंथाहून अधिक सांगून जाते. बुश साफ करून होता तेथेंच बसविला.

हा प्रश्न केवळ आमच्या गोठ्यापुरता नाहीं. २०२१ सालच्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें जुन्या मोटारींच्या नोंदणीचे नियम काढले. ज्या गाडीस पन्नास वर्षें उलटलीं असून जिचा सांगाडा, कवच व इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नाहीं, तिला वीस हजार रुपये शुल्क घेऊन दहा वर्षांची निराळी नोंदणी मिळते; मात्र ती रोजच्या वापरास काढतां येत नाहीं. पुढच्याच महिन्याच्या १३ तारखेस जुनीं वाहनें मोडीत काढण्याचें धोरण जाहीर झालें. दोहोंसहि कारणें आहेत; जुन्या वाहनांचा धूर व त्यांचे अपघात डोळ्यांआड करतां येत नाहींत. परंतु एका कागदावर जपावयाची गाडी आहे, दुसऱ्यावर मोडावयाची गाडी आहे. गाडी जगविणाऱ्या मनुष्यास मात्र दोहींतहि रकाना नाहीं.

आणि ह्या दोन घटनांच्या मधल्याच दिवसांत, त्याच ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यांत, आमच्या ह्या फुलसावंगींत तें दुःखद प्रकरण घडलें. वेल्डिंगचें काम करणाऱ्या, आठवीपर्यंत शिकलेल्या एका चोवीस वर्षांच्या तरुणानें मारुती आठशें मोटारीचें इंजिन घेऊन स्वतःच्या हातांनीं एका माणसाचें हेलिकॉप्टर बांधलें होतें. रात्रीं चाचणी चालू असतां मागचें पातें तुटून मुख्य पात्यावर आदळलें, व तें त्याच्या डोक्यास लागून तो गेला. देशभर ती बातमी झाली. कोणीं हळहळले, कोणीं हंसलेहि. आम्हांस हंसूं आलें नाहीं. वालचंदांच्या पाठीशीं भांडवल व परदेशी तज्ज्ञ होते. ह्या मुलापाशीं दोन हात व मोडीची सामग्री होती. त्याच्या बुद्धींत उणें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. उणें होतें तें पहाणाऱ्या, जोखणाऱ्या व वेळेवर हात धरणाऱ्या जाणत्याचें. आणि तें उणें त्याचें नव्हे, समाजाचें होतें. आम्हीं महाविद्यालयांत तीस वर्षें शिकविलें. पण वेल्डिंगच्या दुकानांत बसून असा मुलगा काय करतो आहे, हें विचारावयास आमच्यापैकीं कोण गेलें होतें?

मोटार आतां चालते. तिच्या नोंदणीचा अर्ज आम्हीं केला आहे. परंतु तिच्याहून जपावयाची वस्तु दुसरीच आहे, हें आम्हांस उशिरां उमगलें. मिस्त्रींची दृष्टि मंद होत चालली आहे, आणि त्यांच्या मुलानें निराळा धंदा धरला आहे. म्हणून दर रविवारीं आम्ही त्यांच्यापाशीं वही घेऊन बसतों. कोणता आवाज कशाचा, अडकलेला नट कसा सोडवावा, पितळ कोठें वापरावें व लोखंड कोठें, हें ते सांगतात आणि आम्ही त्यांच्याच शब्दांत उतरून घेतों. वहीच्या पहिल्या पानावर ब्रेकांचें प्रकरण आहे. शेजारच्या वर्कशॉपमधील दोन मुलें हल्लीं त्या वेळीं येऊन बसतात. परवां त्यांतल्या एकानें आमच्या हातांतून पाना घेतला, आणि मिस्त्रींनीं त्याचा हात धरून तो कसा पकडावा हें दाखविलें.