तारखांचे वाटप : नाट्यहंगामाची पडद्यामागची जुळवाजुळव

मराठी व्यावसायिक रंगभूमीचा हंगाम नाट्यगृहांच्या तारखांवर ठरतो. बहुतेक नाट्यसंस्थांचे स्वतःचे नाट्यगृह नसते. दादरचे शिवाजी मंदिर, विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, पुण्याचे १९६८ साली उभे राहिलेले बालगंधर्व रंगमंदिर अशी मोजकी नाट्यगृहे सर्वांनाच वाटून घ्यावी लागतात. त्यासाठी पुढील काही महिन्यांच्या तारखांचे वाटप आगाऊ होते. सकाळ, दुपार व रात्र अशी सत्रे असली, तरी खरी चढाओढ शनिवार-रविवारसाठी असते.

वाटपानंतर निर्मात्यांमध्ये अदलाबदल सुरू होते. एकच कलावंत दोन नाटकांत असल्यास एकाला तारीख सोडावी लागते. नेपथ्याच्या वाहतुकीचा वेळही हिशेबात धरावा लागतो. समन्वय चुकल्यास एकाच रविवारी दोन नवी नाटके परस्परांचा प्रेक्षक विभागतात.

नव्या संस्थांच्या वाट्याला मात्र बहुधा मधले वार येतात. मोठी नाट्यगृहे न परवडणाऱ्या प्रायोगिक नाटकांना १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाने आसरा दिला होता. तारीखवाटप ही वरकरणी कार्यालयीन बाब. पण नव्या नाटकाला प्रेक्षक मिळणार की नाही, हे पुष्कळदा तेथेच ठरते.